याद्यांची बैठक आठ दिवसांवर, सोयऱ्यांच्या तोलामोलाचं लग्न करायचं तर हिशेब कसा बसवायचा?

बांधकरी

नगर जिल्हा. 5 एकर जमीन, त्यात 2 एकर ऊस, बाकी कांदा आणि चारा. बहिणीचं लग्न जमतंय. मुलगा चांगला आहे, चाकणला कंपनीत आहे. सोयऱ्यांची जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, दारात दोन गाड्या. समोरून मागणी काहीच नाही. "आमची अपेक्षा नाही, फक्त लग्न थाटात करून द्या, आमच्याकडून येणारी माणसं मोठी आहेत," एवढंच.

मध्यस्थाने मात्र हळूच आकडे सांगितले: मुलीच्या अंगावर 5 तोळे, 1,500 माणसांचं जेवण, लॉन्स, प्री-वेडिंग शूट, 150 फेटे, मानाच्या साड्या, संसाराचं सगळं साहित्य. हातात 4 लाख आहेत. घरच्यांचं म्हणणं, 6 लाख काढू, 10 लाखांत होऊन जाईल.

1) 10 लाखांत खरंच होतं का?
2) 6 लाख कुठून काढले तर कमी बोजा पडेल?
3) कमी करायचं ठरलं तर बैठकीत कसं बोलायचं, की स्थळही जाणार नाही आणि बहिणीला पुढे ऐकूनही घ्यावं लागणार नाही?

खतावणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होत नाही. कागद घ्या. दर मी ढोबळ धरतोय, तुमच्या तालुक्याचे लावा.

सोन्याचा हिशेब सोपा जावा म्हणून 22 कॅरेटचा तोळा 1 लाख धरू, आजचा भाव तुम्ही टाका. 5 तोळ्यांचे 5,00,000, घडणावळ 12 टक्के म्हणजे 60,000, या दोन्हींच्या बेरजेवर 3 टक्के जीएसटी 16,800. झाले 5,76,800. जेवण 1,500 ताटं × 250 = 3,75,000. लॉन्स दीड लाख आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 1,77,000. फोटो, व्हिडिओ आणि प्री-वेडिंग मिळून 1,00,000. फेटे 15,000. मानाच्या 100 साड्या 400 रुपयांच्या धरल्या तरी 40,000. बस्ता 1,00,000. भांडी, फ्रिज, कपाट, पलंग 1,50,000. पत्रिका, वाजंत्री, वऱ्हाडाच्या गाड्या 60,000.

बेरीज 15,93,800. तोंडी 10 लाखांचं लग्न कागदावर 16 लाखांचं आहे. मधले 6 लाख कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण ते शेवटच्या पंधरा दिवसांत दहा-दहा, वीस-वीस हजारांनी उधारीवर जातात. मंडपवाला, किराणावाला, कापडवाला तिघेही "लग्न होऊ द्या, मग बघू" म्हणतात आणि सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतात.

आता माणसांचा आकडा. सगळ्या खर्चाची दोरी तिथे आहे. 1,500 म्हटलं की गावातलं कार्यालय बाद होतं, लॉन्सच लागतं. लॉन्स घेतलं की बहुतेक ठिकाणी त्यांचाच केटरर आणि त्यांचाच डेकोरेटर, बाहेरचा आणला तर रॉयल्टी. केटररची किमान ताटांची हमी असते. 1,200 ची हमी दिली आणि 900 जेवले तरी पैसे 1,200 चे. वर गेलं तर जादा ताटाचा दर वेगळा. वीज युनिटप्रमाणे, जनरेटरचं डिझेल वेगळं, साफसफाई वेगळी, भांड्यांची मोडतोड अनामतीतून. हे सगळं पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. ॲडव्हान्स देण्याआधी ती बाजू वाचा.

म्हणून कपात करायची तर फेटे-साड्यांपासून सुरू करू नका, माणसांपासून करा. गावात चूलबंद (अख्ख्या घराला) आवतण द्यायचं की घरटी एक, हा एकच निर्णय चार-पाचशे ताटांचा असतो. भावकीला चूलबंद, गावाला घरटी एक, आणि पत्रिका फक्त ज्यांच्याकडे आपण जाऊन आलोय त्यांना.

तोळामासा

सोन्याबद्दल थोडं. वर जी 5,76,800 ची बेरीज आहे, ते दागिने दुसऱ्याच दिवशी मोडायला नेले तर घडणावळ आणि जीएसटी बुडाले. सोनाराने 3 टक्के घट धरली तर हातात 4,85,000. म्हणजे 91,800 रुपये दुकानाच्या पायरीवरच राहिले. खड्यांचे, मीनाकामाचे, लाखेवरचे दागिने असतील तर आणखी फटका: घेताना खडे सोन्याच्या काट्यावर जातात, मोडताना खड्यांचं वजन वजा होतं. म्हणून घेतानाच पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या.

कमी सोन्यात करायचं असेल तर मंगळसूत्र, कानातलं घ्या आणि उरलेल्याची साधी वेढणी किंवा नाणं घ्या, त्यावर घडणावळ फार कमी लागते. "दिसायला" म्हणून हार हवाच असेल तर एक ग्रॅमवाला भाड्याने मिळतो. स्टेजवर पंधरा फुटांवरून कुणाला फरक कळत नाही, फोटोत तर नाहीच.

दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, असतो. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून पाहा. पावती बहिणीच्या नावावर करा, वडिलांच्या नाही. उद्या ते सोनं कुणाचं असा प्रश्न आला तर तो कागदच बोलतो.

जामीनदार

दुसरा प्रश्न. 6 लाख काढायच्या वाटा आणि प्रत्येकीतला खड्डा:

बँकेचं वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी, 5 वर्षं: हप्ता 13,961. एकूण फेड 8,37,660. वर प्रक्रिया शुल्क 2 टक्के धरलं तर त्यावरच्या जीएसटीसह 14,160, तेही आधीच कापून हातात कमी येतात. पण खरी अडचण व्याजाची नाही, वेळेची आहे. तुमचा ऊस वर्षातून एकदा पैसा देतो, तोही कारखान्याने हप्त्या-हप्त्याने सोडला तर दिवाळीची वाट बघायची. बँकेचा हप्ता मात्र पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपासून. 2 एकरांत 90 टन निघाले आणि टनाला 2,800 मिळाले तर 2,52,000. त्यातून खत, मजुरी, पाणीपट्टी जायची, आणि वर्षाचे हप्ते 1,67,532. तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकतो, चेक बाउन्सचा दंड लागतो, सिबिल पडतो, आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टरचं कर्जही अडतं.

शिवाय शेतकऱ्याकडे पगाराची स्लिप नाही, रिटर्न नाही, म्हणून बँक 14 टक्क्यांनी देतच नाही. मग माणूस फायनान्स कंपनीकडे किंवा पतसंस्थेत जातो. तिथे दर जास्त आणि दोन जामीनदार लागतात. म्हणजे आपल्या थाटासाठी मेहुण्याचा सातबारा अडकवायचा.

पीक कर्ज लग्नात घालणं सगळ्यात जास्त चालतं आणि सगळ्यात महागात पडतं. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याज सवलतीमुळे आपल्याकडे ते जवळपास बिनव्याजी पडतं. लग्नात घातलं की मुदतीत फेडायला पैसा नसतो, खातं थकीत जातं, सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला नवं कर्ज मिळत नाही. मग खतासाठी दुकानदाराची उधारी, ती 2 टक्के महिन्याने.

सावकार: "शेकडा 3" ऐकायला बारीक वाटतं. ते महिन्याला असतं, म्हणजे वर्षाला 36 टक्के. 4 लाखांवर महिन्याला 12,000 नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. जमीन "नुसती नावापुरती" खरेदीखत करून मागितली तर तिथेच उठा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज होतो. पण हा रस्ता वर्षानुवर्षांचा आहे, भरवशावर जमीन लिहून देऊ नका.

घरात जुनं सोनं असेल तर त्यावर तारण कर्ज त्यातल्या त्यात बरं, कारण ते वर्षाअखेर एकरकमी फेडता येतं आणि उसाच्या पैशाशी जुळतं. लाख-दीड लाखांच्या वर मात्र नको.

सरळसोट

इथे सगळे गरीब-गरीब करतायत, पण एकदाच होणारं लग्न आहे. लोक आयुष्यभर नावं ठेवतात. माणसं कापून समजा 350 माणसांत उरकलं तर "भिकेला लागलेत" म्हणतील. मुलीला सासरी तेच ऐकावं लागतं. हे आकड्यांत कसं धरणार?

खतावणी

@सरळसोट, मुद्दा खरा आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण नावं कशाला ठेवतात ते नीट बघा. लोक जेवण संपलं, पाणी कमी पडलं, दीड तास उन्हात बसवलं, याला नावं ठेवतात. स्टेजवर पुढाऱ्यांचे सत्कार चालू राहतात, 12:35 चा मुहूर्त असतो आणि अक्षता 2 वाजता पडतात, याला ठेवतात. पन्नास हजारांचं प्रवेशद्वार होतं की नाही हे चौथ्या दिवशी कुणी सांगू शकत नाही.

1,500 माणसांत ताट कमी पडायचा धोका 350 पेक्षा जास्त. हातातला आचारी असेल तर 100 माणसांना साधारण 8 किलो तांदूळ, 3 किलो तूरडाळ, 8 किलो कणीक (माणशी साडेतीन पुऱ्या), 10-12 किलो बटाटा, 10 किलो श्रीखंड किंवा तेवढीच बुंदी. साहित्य आपलं, मजुरी त्याची, ताट दीडशेच्या आत पडतं. आणि पंगत बसवा. बुफेत ताटात टाकून दिलेलं अन्न जास्त जातं, पंगतीत वाढपी हात आखडू शकतो.

दुसरं म्हणजे ज्यांच्याशी बरोबरी करतोय त्यांचा पैसा कुठला ते पाहा. रस्त्यात जमीन गेली आणि मोबदला आला, किंवा गुंठ्यांनी विकली. म्हणजे भांडवल विकून आलेला पैसा. तो एकदाच येतो, त्यातल्या कित्येक गुंठामंत्र्यांची दुसऱ्या मुलाच्या लग्नापर्यंत गाडी विकायला निघते. त्यांनी भांडवल खाल्लं म्हणून आपण कर्ज खायचं, ही बरोबरी होत नाही.

कोर्टपायरी

कायद्याचं थोडक्यात, कारण "मागितलं नाही, मध्यस्थ बोलला" यावर बरेच जण निर्धास्त असतात.

हुंडा प्रतिबंधक कायदा 1961: लग्नाच्या संबंधाने, लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर कधीही दिलेली वा द्यायची कबूल केलेली मालमत्ता म्हणजे हुंडा. आडून, मध्यस्थामार्फत केलेली मागणीही मागणीच. देणं-घेणं याला किमान 5 वर्षं कैद (कलम 3), नुसती मागणी केली तरी 6 महिने ते 2 वर्षं (कलम 4). देणाराही गुन्हेगार असतो म्हणून मुलीकडचे बोलत नाहीत, पण कलम 7(3) प्रमाणे पीडित व्यक्तीच्या स्वतःच्या जबाबावरून तिच्यावर खटला भरता येत नाही.

न मागता दिलेल्या भेटी चालतात, पण दोन अटी. एक, त्यांची यादी हवी: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली सह्या. 1985 च्या नियमांत हे आहे, तरी शंभरात एखादं घर करत असेल. दुसरी अट या धाग्याच्या विषयाचीच आहे. मुलीकडून दिलेली भेट रूढीप्रमाणे असावी आणि देणाऱ्याच्या आर्थिक स्थितीच्या मानाने अवाजवी नसावी. म्हणजे कायदा सोयऱ्यांची ऐपत बघत नाही, तुमची बघतो.

आणि "हुंडा म्हणजे मुलीचा वाटाच की" हा युक्तिवाद. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहहिस्सेदार आहे, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते पक्कं केलं. तरी लग्नात 10 लाख उधळून दोन वर्षांनी तिच्याकडून "लग्नात केलं की सगळं" म्हणत हक्कसोडपत्र लिहून घेतात. पैसे गेले केटररला, हक्क गेला तिचा. द्यायचंच असेल तर तिच्या नावावर मुदत ठेव करा, नाहीतर सातबाऱ्यावर नाव राहू द्या.

जुनीपानं

थोडं विषयांतर. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, नंतर सरकारने आयोग नेमला. इंग्रज साहेबांचा लाडका सिद्धान्त होता की कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने तपासून उलट म्हटलं: एखाद्या लग्नापेक्षा धान्य, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांची पुन्हा पुन्हा होणारी लहान-लहान कर्जंच रयतेला जास्त बुडवतात. म्हणून सगळा दोष लग्नावर टाकण्याआधी घरातली चालू उधारी आधी लिहून काढा. लग्नाचं कर्ज तिच्यावर बसतं तेव्हा कंबर मोडते.

आणखी एक. आपल्याकडच्या अनेक जातींत पूर्वी देज होतं, मुलाकडचे मुलीच्या बापाला देत. वरच्या, पैसेवाल्या घरांसारखं दिसायचं म्हणून उलटा हुंडा आला. ज्याला आज "आपल्यातली रीत" म्हणतात ती कित्येक घरांत पणजीच्या काळात नव्हती. बैठकीत एखादे आजोबा हे सांगणारे असले तर न्या. आणि साध्या लग्नाची रीतही नवी नाही, पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 चा आहे.

बांधकरी

सगळ्यांचे आभार. 4 लाखांतच करायचं असं घरात जवळपास ठरतंय, आई अजून तयार नाही. खतावणीदादा, 4 लाखांचा कागद कसा दिसेल? आणि तिसरा प्रश्न राहिलाच, बैठकीत तोंड कुणी आणि कसं उघडायचं?

खतावणी

सोनं 2 तोळे त्याच हिशेबाने 2,30,720. 350 माणसं, आचाऱ्याकडून, 52,500. गावातलं किंवा देवस्थानाचं कार्यालय 25,000. बस्ता 40,000. फोटो 25,000, प्री-वेडिंग नाही. झाले 3,73,220, हातात 26,780 उरतात. ते पत्रिका, वाजंत्री आणि ऐनवेळच्या भानगडींना. संसाराचं साहित्य लग्नात मांडायचं नाही, ते दोघं राहायला गेले की लागेल तसं. चाकणच्या वन आरकेमध्ये शोकेसचा पलंग मावतही नाही.

तारीख दाट लग्नसराईची धरू नका. पंचांगात आपत्कालातले, गौणकालातले मुहूर्त दिलेले असतात, गुरुजींना विचारून काढीव मुहूर्तही मिळतो. त्या दिवसांत आणि मंगळवार-बुधवारी कार्यालय भाव करतं.

आईंना कागद दाखवा, भाषण देऊ नका. दोन रकाने: खर्च, आणि तो कुणाच्या हातात गेला. मंडपवाला, केटरर, सोनाराची घडणावळ, बँकेचं व्याज. मुलीच्या हातात काय राहिलं ते शेवटच्या ओळीत लिहा.

सुपारी_फुटली

याद्यांच्या बैठकीचं सांगतो, यात माणसं नेहमी त्याच तीन ठिकाणी घसरतात.

पहिलं, बैठकीआधी मुलगा-मुलगी बोललेले नसतात. बहिणीने मुलाला आधीच स्पष्ट सांगायचं: कर्ज काढून लग्न होणार नाही. त्याची मान डोलली असेल तर बैठक निम्मी जिंकली. तो "घरचे बघतील" म्हणाला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

दुसरं, आकडा समोरच्यांना आधी बोलू देणं. 1,500 हवेत एकदा आला की 800 वर "तडजोड" होते आणि सगळे खूश होतात, तुम्ही सोडून. चहा झाला की आपल्या मामाने किंवा भावकीतल्या जाणत्याने पहिलं वाक्य टाकायचं, वडिलांनी नाही. वडील हात जोडतात आणि कबूल करून बसतात. वाक्य असं: "पाहुणं, आमच्याकडून दोनशे माणूस, तुमच्याकडून दीडशे. जेवणात कमी पडणार नाही. दोन तोळे मुलीच्या अंगावर. आहेर घ्यायचा नाही, द्यायचा नाही. यावर पाहुण्यांना माणसं वाढवायची असतील तर वाढीव ताटं पाहुण्यांची." शेवटचं वाक्य गिळू नका. ऐपत असलेले सोयरे कधी कधी खुशाल हो म्हणतात, आणि नसले की 1,500 चे आपोआप 300 होतात.

तिसरं, आहेर. घरातली आहेराची वही आधी काढा. ज्यांचं आपल्यावर फिरायचंय, त्यांचं पाकीट त्यांच्याच पुढच्या कार्यात फेडा, या लग्नात साड्या वाटून नाही. त्या साड्या कुणी नेसत नाही, कपाटातून कपाटात फिरतात. "आहेर स्वीकारला जाणार नाही" हे पत्रिकेवर छापायचं, तोंडी नको.

सोयऱ्यांचा सूर बरा दिसला तर तिथेच "यादी पे शादी"चा विषय काढा. नगर, बीडकडे हे आता नवीन राहिलेलं नाही. याद्यांना आलेली दोन्हीकडची माणसं, गुरुजी, हार, जेवण, संध्याकाळपर्यंत मुलगी सासरी. त्यासाठी एक तयारी ठेवा: आधार, जन्मतारखेचे दाखले, फोटो आणि तीन साक्षीदारांचे कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा अर्ज पुढच्याच आठवड्यात जाईल.

पाचच माणसं न्या. ठरलेलं दोन कागदांवर सारखं लिहा, खाली दोन्हीकडच्या सह्या, एक त्यांना एक तुम्हाला. मध्यस्थाची सही पण घ्या, कारण आठ दिवसांनी "मी असं म्हणालोच नव्हतो" तोच म्हणतो.